मास्तरांचं देणं

आमच्या उद्योगाच्या नोंदणीच्या कागदावर मालक म्हणून माझं एकटीचं नाव आहे. त्या रकान्यात एकच नाव मावतं, त्याला इलाज नाही. पण या धंद्यात जे काही नीट आहे ते कुणा ना कुणाकडून आलंय आणि त्यातलं बरंचसं फुकट आलंय. पैशाची उधारी असती तर महिन्याच्या महिन्याला फिटली असती. ही कुठं मांडलेलीच नाही. ती एकदा मांडावी म्हणून बसले आहे.

आम्ही प्रस्तरारोहण करणाऱ्यांसाठी सामान शिवतो. चॉक बॅगा, दोर ठेवायच्या पिशव्या, सॅक, आणि त्याहून जास्त म्हणजे फाटक्या सामानाची दुरुस्ती. संगमेश्वर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कसब्यातलं कर्णेश्वराचं देऊळ आठवतं, नाहीतर फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराज इथं मुकर्रबखानाच्या हाती सापडले ते आठवतं. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरच्या या गावात कडे चढायचं सामान तयार होतं, यावर पटकन कुणाचा विश्वास बसत नाही. “तिथं घेतं कोण?” असं विचारतात. इथं कुणीच घेत नाही. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. इथं फक्त शिवतात.

मी चाकरमान्याची मुलगी. मुंबईत वाढले, गाव मे महिन्यापुरतं आणि गणपतीपुरतं. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर मुंब्र्याच्या कातळांवर गेले आणि तिथंच अडकले. क्लबातल्या मोठ्या मुलांनी दोर दिला, हार्नेस, म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, दिला, स्वतःचे बूट काढून दिले; दोन मोजे चढवून मी ते घालत असे. कुणी भाडं मागितलं नाही. कुणाचा काका परदेशातून येणार असला की त्याच्या बॅगेतून कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, मागवायचे आणि ते साऱ्या क्लबानं मिळून वापरायचे, असा तो काळ. हे पहिलं देणं. त्यातले निम्मे जण आता गुडघे धरून बसलेत, तरी सॅक दुरुस्तीला आली की पैसे देण्यावरून माझ्याशी भांडतात.

नंतर कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. कापडाची जात, धाग्याचा नंबर, टाक्यांची घनता, सगळं तिथं शिकले. 2016 च्या मे महिन्यात गिरिविहार या गिर्यारोहण क्लबानं नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंती चढण्याची, विश्वचषक स्पर्धा भरवली आणि मी बघायला गेले. जगभरचे चढणारे येऊन गेले. त्यांच्याकडं बघून आपल्याकडच्या शाळकरी मुली भिंतीला लागल्या, आणि प्रत्येकीच्या कमरेला आयात केलेली चॉक बॅग. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड ठेवायची एक थैली, आत लोकरी अस्तर, वर नाडी. तीही बाहेरून यावी, हे मनात कुठंतरी बसलं. पुढं नोकरी सोडली आणि आत्याकडं गावी आले. आत्या एकटी राहायची. तिनं पडवी दिली, माडीवरची खोली दिली, आणि “भाडं देशील तर घरात घेणार नाय” असं सांगून तो विषय संपवला.

मास्तर, म्हणजे गावचे शिंपी, बाजारपेठेत बसतात. शाळेचे गणवेश, लेंगे, झबली, लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट आणि शिमग्याला पालखीबरोबरच्या निशाणाचं कापड, हे त्यांचं काम. मी त्यांच्याकडं गेले ती माझी जुनी सॅक घेऊन. तिचा खांद्याचा पट्टा मुळाशी फाटला होता. विदेशी बनावटीची, चांगली महाग सॅक. मास्तरांनी ती आधी उलटी केली. मग चष्मा कपाळावर चढवला, सॅक डोळ्याजवळ नेली आणि ब्लेडच्या टोकानं शिवण उसवायला घेतली. मला वाटलं फाटका भाग मोकळा करतायत. त्यांनी पट्टा काढला, पाठीचा फोम काढला, तळाचा गोट काढला. तासाभरात सॅकचे सगळे तुकडे गादीवर पसरलेले. एकेक तुकडा उजेडात धरून ते बघत होते, आणि दाराशी गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्याकडं लक्ष नव्हतं.

“हात चांगला हाय,” ते म्हणाले, “पण कापड वाचवायला गेलाय. माया ठेवली नाय.”

मग मला जवळ बोलावून दाखवलं. पट्टा जिथं पाठीला जोडला होता तिथं शिवणीच्या पलीकडं जेमतेम दोन सूत कापड होतं, आणि मजबुतीसाठी म्हणून एकावर एक टिपा मारल्या होत्या. सुईनं त्या जागी इतकी भोकं पडली होती की टपाल तिकिटाच्या कडेसारखं कापड तिथूनच फाटलं होतं. दोरा शाबूत. “बाय, शिवण तुटत नाय. शिवणीच्या बाजूचं कापड तुटतं.” त्यांनी नवारीचा पट्टा लांब घेतला, त्रिकोणी ठिगळात बसवला, ते ठिगळ पाठीच्या शिवणीत दूरवर घुसवलं आणि वर चौकोन काढून आत फुली मारली. टाका लांब ठेवला, टिपा कमी. ओढ एका रेघेवर न येता पसरून जाते, हे निर्यातीच्या कंपनीत मी पुस्तकी भाषेत ऐकलं होतं. मास्तरांनी ते बोटानं दाखवलं. ती सॅक मी अजून वापरते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जायला लागले आणि महिन्याभरात ते आमच्या पडवीत यायला लागले. सकाळी दुकान, दुपारनंतर माझ्याकडं. जाड कापडासाठी मी कारखान्यातलं वापरलेलं मोठं मशीन आणलं होतं. मास्तरांनी त्याच्या फुटाचा दाब स्वतःच्या बोटावर आजमावला आणि आठवडाभर नुसत्या चिंध्या शिवून घेतल्या, माझ्याकडून.

मला तेव्हा स्लिंग शिवायच्या होत्या. नवारीची गोल शिवलेली पट्टी. कातळात अडकवून तीत कॅराबिनर टाकतात. दिसायला साधी, नफा चांगला. मास्तरांनी विचारलं, “हिच्यावर माणूस लटकणार?” मी हो म्हटलं. “किती वजन धरायला पायजे?” युरोपीय मानकाप्रमाणं 22 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन, असं मी सांगितलं. “ते मोजायचं यंत्र हाय आपल्याकडं?” नव्हतं. एकेका लॉटमधले नग ओढून तोडून बघायचे, त्याची नोंद ठेवायची, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून प्रमाणपत्र घ्यायचं, हा खर्च आमच्या पडवीला झेपणारा नव्हता. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. “मग मी नाय शिवणार. सॅक फाटली तर माणूस मला शिव्या घालील. शिव्या घालायला माणूस उरला पायजे.”

त्या दिवशी आमच्या कंपनीची हद्द ठरली. ज्यावर जीव टांगायचा ती वस्तू आम्ही शिवत नाही आणि दुरुस्तही करत नाही. हार्नेस दुरुस्तीला आला तर परत जातो, सोबत चिठ्ठी जाते: हा आता वापरू नका. मोठ्यांनाही या वाटेवर ठेच लागलेली आहे. अमेरिकेत इव्हॉन शुइनार्डची प्रस्तरारोहणाच्या सामानाची कंपनी 1989 मध्ये नादारीत गेली, ती नुकसानभरपाईचे खटले आणि विम्याचे वाढते हप्ते यांनी. तिच्या कामगारांनी पुढं ती विकत घेतली आणि ब्लॅक डायमंड उभी राहिली. मास्तरांनी ही गोष्ट ऐकली नव्हती. त्यांना गरज पडली नाही.

शुइनार्डचंही माझ्यावर देणं आहे, त्याला ते ठाऊक नसलं तरी. या माणसानं 1957 मध्ये भंगारातून कोळशाची भट्टी आणि ऐरण आणली, लोहारकाम स्वतःच शिकला आणि पिटॉन, म्हणजे कातळाच्या फटीत ठोकायच्या मेखा, घडवायला लागला. पहिल्या मेखा शेतातल्या कापणीयंत्राच्या जुन्या पात्याच्या. दीड डॉलरला एक विकायचा. युरोपी मेखा मऊ लोखंडाच्या, एकदा ठोकली की तिथंच राहायची. याची पोलादी मेख काढून पुन्हा ठोकता यायची. 1970 पर्यंत त्याची कंपनी अमेरिकेत या सामानाची सगळ्यात मोठी झाली. पण मेख पुन्हापुन्हा ठोकून काढली की कातळाची फट झिजते. योसेमिटीतल्या एल कॅपिटनवर नेहमीच्या वाटेची ती अवस्था बघून तो आणि त्याचा भागीदार परतले आणि ज्या मेखांवर धंद्याचा मोठा भाग चालत होता त्या बंद करायच्या मार्गाला लागले. 1972 च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी हातानं फटीत बसवायचे आणि हातानंच काढायचे अॅल्युमिनियमचे चॉक (पुडीचा चॉक नव्हे, पाचरी) विकायला ठेवले, आणि सोबत डग रॉबिन्सन यांचा चौदा पानी लेख छापला: हातोड्याशिवाय कसं चढायचं. सामानाच्या यादीत चौदा पानं शिकवण्यासाठी! ही चॉकची कल्पना मुळात ब्रिटनमधल्या चढणाऱ्यांची. ते रेल्वेच्या रुळांकडेला पडलेले नट उचलून, त्यांत दोरी ओवून कातळात अडकवायचे. म्हणजे शुइनार्डही कुणाचा तरी देणेकरी होताच.

सह्याद्रीत हे ऐकताना आपला बेसाल्ट आठवतो. आपल्याकडं फटी कमी, ठिसूळ थर जास्त. चॉक बसेल असा कातळ सगळीकडं नाही. लिंगाणा असो की जीवधनचा वानरलिंगी, खाली उतरताना बोल्टभोवती टेपची पट्टी बांधून तिच्यातून दोर ओढून घ्यायचा आणि पट्टी वर सोडून यायचं, हा रिवाज. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या अशा पट्ट्यांचे झुपके अनेक सुळक्यांच्या माथ्यावर आहेत. अतिनील किरणांनी नायलॉन आतून कमकुवत होतं. दिसायला पट्टी धडधाकट आणि ओढली तर फाटते. त्यामुळं पुढचा माणूस जुन्या पट्टीवर विश्वास टाकत नाही, आपली नवी बांधतो, आणि झुपका वाढतो.

मागं राहणाऱ्या या नायलॉनवरचा धडा मला प्रचितगडाच्या वाटेवर मिळाला. आमच्याच तालुक्यातलं शृंगारपूर, येसूबाईंचं माहेर. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ते सुर्व्यांकडून घेतलं. तिथून गड अंगावर येतो, चढ खडा, शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिडी. वरचं रान आता चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात, त्यामुळं परवानगी काढून जायचं. वाटाड्या म्हणून गावातले एक आबा बरोबर होते. मी त्यांच्या मागं चालत होते आणि माझी नजर त्यांच्या कमरेवरून हलेना. कमरेला दोरी, दोरीला पाठीमागं उजव्या अंगाला लाकडी आकडी, आणि आकडीत उघडी कोयती अडकवलेली. चालताना कोयती आकडीवर आपटून खट् खट् वाजायची. दोन्ही हात मोकळे. हवी तेव्हा न बघता हात मागं जायचा आणि मूठ बरोबर हातात. कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराच्या कमरेला हे असतं, लहानपणापासून बघितलेलं. हार्नेसला सामान अडकवायचे जे फासे असतात त्यांचं काम आकडी किती पिढ्या करतेय देव जाणे.

मी आबांना आकडी बघायला मागितली. तिचा आतला काठ कोयतीनं घासून खोल गेला होता. “दोरी आज्याच्या वक्ताची नाय, पण आकडी बापाची,” ते म्हणाले. “दोरी झिजली की दोरी बदलायची. आकडी मोडली की आकडी.” उतरताना त्यांनी थोडी सुकी लाकडं गोळा केली, केवणीची साल ओरबाडून तिची दोरी वळली आणि मोळी बांधली. घरी पोचल्यावर ती साल अंगणाच्या कडेला टाकली. पाऊस पडला की ती माती होणार. माझ्या सॅकमध्ये त्या वेळी नायलॉनच्या सुट्या पट्ट्या होत्या.

आम्ही आता सॅक शिवतो ती आबांच्या हिशेबानं. जे आधी झिजतं ते सुटं. कमरेचा पट्टा निघतो, खांद्याचे पट्टे निघतात, बक्कल तुटलं तर शिवण न उसवता नवीन बसतं. चेनच्या टोकाला कापडात चार बोटं जागा मोकळी ठेवतो, कारण बिघडतो तो बहुधा रनर, आणि रनर काढायला टोक उघडता आलं पाहिजे. प्रत्येक सॅकच्या आतल्या कप्प्यात त्याच कापडाचा हातभर तुकडा, दोऱ्याचं गुंडाळं आणि कापणीचा छोटा नकाशा असतो. कुठल्याही गावच्या शिंप्याला तो दाखवला की दुरुस्ती होते. आमच्याकडं पाठवायची गरज नाही.

कापड कुठलं वापरायचं ते आत्यानं ठरवलं. माझं मत पाण्याला दाद न देणाऱ्या, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या कापडाकडं होतं. आत्या मला माडीवर घेऊन गेली. माझ्याच जुन्या ट्रेकचं सामान तिनं तिथं ठेवलं होतं. तंबू उघडला तर आतला लेप चिकट होऊन कापडाची घडी घडीला डकलेली. आमच्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतींना ओल, पेटीतल्या साड्यांना भुरा. असल्या दमट हवेत तो लेप हळूहळू विघटित होतो. ज्या पावसासाठी लेप द्यायचा तोच पाऊस त्याला खातो. मग लेप नसलेलं जाड कापड घेतलं, ज्यातून पाणी येतं पण वाळतंही, आणि आत वेगळी पातळ पिशवी दिली. ती खराब झाली की तेवढीच बदलायची. “आम्ही कागद-कपडे असेच न्यायचो, पावसात,” आत्या म्हणाली. पाणी परतवणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर जगभर बंदीची भाषा चालू आहे, कारण ती निसर्गात मोडत नाहीत. आम्ही त्या भानगडीत पडलोच नाही, आणि याचं श्रेय आत्याच्या माडीला.

दोराच्या पिशवीला एक बाजू जाळीची आहे. ओला दोर बंद पिशवीत राहिला की कुबट होतो, आणि ओल्या नायलॉनची ताकदही कमी भरते. ही जाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून येते. तिथं मासेमारीची टाकून दिलेली नायलॉनची जाळी पडून असतात. इटलीतली अॅक्वाफिल कंपनी अशी जाळी रासायनिक रीतीनं मूळ कच्च्या मालापर्यंत नेऊन पुन्हा सूत काढते. आमच्याकडं तेवढी अक्कलही नाही आणि भांडवलही. आम्ही जाळी धुतो, खारट वास जाईपर्यंत पुन्हा धुतो आणि कापून शिवतो. जाळी कापली की कडेच्या गाठी सुटतात. बंदरावर जाळी सांधत बसलेल्या एका मावशींनी कडेला कशी गाठ फिरवायची ते दाखवलं, मी दोनदा विचारलं तेव्हा हातातली सुई माझ्याच हातात दिली.

क्लब आम्हाला बाद झालेले दोर पाठवतात. कापडी सामान न वापरताही दहा वर्षांच्या पुढं ठेवू नये, असं बहुतेक उत्पादक सांगतात. दोर आला की पहिलं काम म्हणजे त्याचे तुकडे करणं, म्हणजे पुन्हा कुणी त्यावर चढण्याचा मोह धरणार नाही. कापला की आतला पांढरा गाभा दिसतो, बारीक पिळाच्या लडी, आणि त्यांवर विणलेलं रंगीत कवच. जर्मनीच्या एडेलरिडनं 1953 मध्ये ही रचना आणली आणि त्याआधीचे पिळाचे दोर मागं पडले. या तुकड्यांची आम्ही पायपुसणी विणतो, सॅकच्या मुठी करतो. थोडे लांब तुकडे वाडीत गुरांच्या दाव्यांना जातात. यानं नायलॉन मातीत विरत नाही. कचऱ्यात जाणं दहा-पंधरा वर्षं लांबतं एवढंच. सामान विकणारा माणूस आपण निसर्गाला वाचवतोय असं म्हणायला लागला की त्याच्याकडून घेऊ नये. शुइनार्डची पॅटागोनिया कंपनीही स्वतःच्या मालानं नुकसान होतं हे कबूल करते, आणि तिनं 2011 मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन आपलं जॅकेट घेऊ नका असं सांगितलं होतं.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर देऊ केली होती. अट एवढीच की माया कमी करायची, सुटे भाग शिवून टाकायचे, किंमत निम्म्यावर आणायची. मी हिशेब घेऊन बसले तेव्हा मास्तर शेजारी बटणं लावत होते. “सहा महिन्यांनी त्या सगळ्या बॅगा इथंच दुरुस्तीला येतील ना?” त्यांनी विचारलं. “आपण दुरुस्तीचे पैसे घेत नाय.” आमच्या शिवणीची दुरुस्ती फुकट, हा नियम मीच केला होता. ऑर्डर गेली. धंदा लहान राहिला. पण नियमाचा उपयोग तेव्हा कळला: दुरुस्ती आपल्याच अंगावर येणार असली की शिवणारा आपोआप नीट शिवतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं, त्या दिवसांत शास्त्रीही फुगलेली होती. संगमेश्वरच्या बाजारपेठेला पुराचं पाणी नवं नाही. जुलै लागला की मास्तर मशीनचं डोकं पाट्यावरून काढून माळ्यावर नेतात, खाली लोखंडी सांगाडा तेवढा ठेवतात. त्या वर्षी मी मदतीला गेले. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कापणीचे खाके, खाकी कागदावरचे, काही त्यांच्या वडिलांच्या हातचे. बंडीचा, बाराबंदीचा, सदऱ्याचा. गावातला जो कुणी शिंपीकाम शिकला त्यानं या ट्रंकेतले खाके नेऊन उतरवून घेतले होते. परत आणून दिले की झालं.

भागीदारीचा विषय मी त्यानंतर काढला. वकिलाकडून कागद करून आणले. मास्तरांनी ते वाचले आणि सही करायला नकार दिला. रोजचा पगार घेतात, दिवाळीला एक जादा, त्याच्या पुढं नाही. एकच गोष्ट मागितली: आपल्या सॅकचे, पिशव्यांचे सगळे खाके त्या ट्रंकेत ठेवायचे, आणि मागेल त्याला द्यायचे. “मी काय तुला लिहून घेऊन शिकवलं नाय,” म्हणाले. शुइनार्डनं 2022 मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, पॅटागोनियाची मालकी एका विश्वस्त संस्थेला आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संघटनेला देऊन टाकली तेव्हा जगभर बातमी झाली. ट्रंकेची बातमी कुठं आली नाही. देवरुखच्या दोन मुली आमच्याकडं शिकल्या, खाके उतरवून घेऊन गेल्या, आणि आता सायकलवाल्यांसाठी बॅगा शिवतात. आमच्यापेक्षा बऱ्या खपतात.

हा मजकूर मी मास्तरांना वाचून दाखवणार नाही. “मी तुमच्या ऋणात आहे” असलं काही त्यांच्यासमोर म्हटलं तर काय होईल ते मला माहीत आहे. पुण्याहून आलेली निळी सॅक मशीनवर तशीच पडली आहे, तिची चेन अजून बसायची आहे, आणि ती आज जायला हवी होती, एवढंच ते सांगतील.